हेलिकॉप्टरं समुद्रात का ढकलली? (सायगॉन १९७५)

चौकस_चंदू

मंडळी एक शंका आहे, इथे इतिहासवाले बरेच जण आहेत म्हणून विचारतो. आमच्या कॉलेजच्या ग्रुपवर परवापासून एक फोटो फिरतोय. जहाजाच्या कडेला दहा-पंधरा खलाशी मिळून एक आख्खं हेलिकॉप्टर समुद्रात लोटतायत आणि खाली मजकूर की १९७५ ला अमेरिका व्हिएतनाममधून पळाली तेव्हा शत्रूच्या हाती लागू नयेत म्हणून आपलीच हेलिकॉप्टरं बुडवली. मला हे काही पचत नाहीये. हेलिकॉप्टर जहाजावर पोचलंय, जहाज भर समुद्रात आहे, मग शत्रू काय पोहत येणार होता का ते न्यायला?

दुसरं म्हणजे त्याच ग्रुपवर एकाने लिहिलंय की सगळे निर्वासित हेलिकॉप्टरने बाहेर काढले. एवढी हजारो माणसं? आणि युद्धनौकेवर ती ठेवली कुठे, खायला काय घातलं? कोणी नीट सांगेल का. गूगल केलं तर तीच चार वाक्यं सगळीकडे कॉपी पेस्ट.

डेकवरचा_पाहुणा

चंदूशेठ तुमची शंका रास्त आहे, मजकूर चुकीचा आहे. खरं कारण एकदम साधं, पार्किंग.

झालं असं की २९ आणि ३० एप्रिल १९७५ ला, उत्तर व्हिएतनामचं सैन्य दारात आलेलं असताना, दक्षिण व्हिएतनामची राजधानी सायगॉनमधून माणसं काढायची जी मोहीम चालली (ऑपरेशन फ्रीक्वेंट विंड) त्यात अमेरिकन मरीन्सची मोठी हेलिकॉप्टरं ठरल्याप्रमाणे ये-जा करत होती, त्यांचं वेळापत्रक वगैरे होतं. पण त्याच दिवशी दक्षिण व्हिएतनामच्या हवाई दलाच्या पायलटांनी काय केलं, आपापली ह्यूई हेलिकॉप्टरं घेतली, त्यात बायकापोरं, शेजारी, मावेल तो कोंबला आणि सरळ समुद्राच्या दिशेने उडाले. कोणाला कळवलेलं नाही, रेडिओची फ्रिक्वेन्सी माहीत नाही, इंधन फक्त जाण्यापुरतं. खाली जे पहिलं जहाज दिसेल त्यावर उतरायचं. आता एका जहाजावर एक उतरलं की डेक भरला, वर दुसरं घिरट्या घालतंय आणि त्यात पण लहान मुलं आहेत. मग काय करणार? पहिलं लोटा, दुसऱ्याला जागा करा. फोटोत दिसतायत ती बहुतेक हीच, म्हणजे अमेरिकेने दिलेली पण दक्षिण व्हिएतनामची. शत्रूबित्रूचा काही संबंध नाही.

यूएसएस कर्क म्हणून एक छोटी युद्धनौका होती तिथे. तिच्या मागच्या डेकवर एका वेळी एकच हेलिकॉप्टर मावायचं आणि ह्यूई आली डझनाच्या वर. त्यातच एक चिनूक आलं, ते दोन पंख्यांचं अजस्र असतं ना ते. ते उतरलं असतं तर पंखे जहाजालाच लागले असते. पायलटने ते डेकच्या मागच्या टोकावर जेमतेम अधांतरी धरून ठेवलं आणि दारातून एकेक जण खाली उड्या टाकत गेला, खलाशी झेलत गेले. त्याच्या बायकोने दहा महिन्यांची मुलगी वरून सोडली, ती पण झेलली. मग तो थोडा लांब गेला, पाण्याच्या जरा वर हेलिकॉप्टर स्थिर धरलं, उडवता उडवताच अंगातला फ्लाइट सूट काढला (विचार करा, दोन्ही हात कंट्रोलवर असताना), हेलिकॉप्टर एका बाजूला कलंडवलं आणि स्वतः दुसऱ्या बाजूला पाण्यात उडी मारली. पंखे पाण्यावर आपटून तुकडे तुकडे झाले. बाबा वाचला.

मीनल_वाचतेय

मिडवेची गोष्ट राहिली की! विमानवाहू मिडवे, कॅप्टन लॉरेन्स चेंबर्स, जहाजाचा ताबा घेऊन त्याला महिना सव्वा महिना झालेला. मेजर बुआंग-ली नावाचा वैमानिक कोन सॉन बेटावरून एक दोन सीटचं टीचभर विमान घेऊन आला, बर्ड डॉग म्हणतात त्याला, आत तो, बायको आणि पाच मुलं!! रेडिओ नाही. जहाजावर घिरट्या घालत वरून चिठ्ठ्या टाकत होता, पहिल्या वाऱ्याने समुद्रात गेल्या, शेवटी पिस्तुलाच्या कातडी म्यानात घालून टाकली ती डेकवर पडली. मोडक्या इंग्रजीत लिहिलेलं की ही हेलिकॉप्टरं बाजूला घ्या, मी उतरू शकतो, अजून तासभर उडेन, वाचवा.

वरिष्ठांचं म्हणणं की त्याला पाण्यात उतरू दे, आपण उचलू. पण त्या विमानाची चाकं आत घेता येत नाहीत, पाण्याला लागलं की कोलांटी खाणार आणि आत पाच पोरं. चेंबर्सने ऐकलं नाही. डेकवरची हेलिकॉप्टरं लोटायला सांगितली (१ कोटी डॉलरची होती म्हणतात), जहाज वाऱ्याच्या तोंडावर घेऊन २५ नॉट्सने पळवलं म्हणजे विमानाला समोरून जास्त वारा मिळेल आणि ते कमी जागेत थांबेल. आणि थांबलं पण, एक हलकी उडी घेऊन. नंतर चेंबर्सने मुलाखतीत सांगितलंय की हेलिकॉप्टरं ढकलताना मी मुद्दाम बघत नव्हतो, कोर्ट मार्शल झालं आणि किती ढकलली विचारलं तर माहीत नाही असं खरं सांगता यावं म्हणून 😄

जहाजावरच्या लोकांनी त्या कुटुंबासाठी वर्गणी काढली. ते विमान आज फ्लोरिडात पेन्साकोलाच्या नेव्हल एव्हिएशन म्युझियममध्ये आहे.

खडूस_आजोबा

झालं का कौतुक करून?

दर वेळी हाच प्रकार. एक शूर कॅप्टन, एक बाळ, एक विमान, टाळ्या. सायगॉनमधल्या अमेरिकन दूतावासाच्या आवारात शेवटच्या हेलिकॉप्टरची वाट बघत ४०० च्या वर माणसं तशीच सोडून दिली, त्यांना शेवटपर्यंत सांगत होते की तुम्हाला नेणार आहोत, त्यांचा फोटो फिरतो का कुठल्या ग्रुपवर? हेलिकॉप्टरने एकूण काढले ते ७,००० च्या आसपास, त्यात हजाराच्या वर अमेरिकन. ज्यांनी अमेरिकेसाठी वर्षानुवर्षं दुभाष्याची, टायपिस्टची, हेरगिरीची कामं केली त्यातले कितीतरी मागे राहिले आणि पुढे वर्षानुवर्षं छावण्यांत सडले. आणि त्याआधी मार्च महिन्यात दा नांग शहरात जे झालं ते बघा, बंदरावर मालवाहू जहाजं लागली, एकेका जहाजात दहा दहा हजार माणसं घुसली, पाणी नाही, सावली नाही, जहाजावर हत्यारबंद सैनिक मारामाऱ्या लुटालूट करतायत, वाटेत माणसं मेली. हे पण त्याच वसंतातलं. पण नाही, आपल्याला पिस्तुलाच्या म्यानातली चिठ्ठी हवी.

डेकवरचा_पाहुणा

आजोबा मुद्दा मान्य, पण तुम्ही दिलेल्या आकड्यातूनच चंदूच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर निघतंय बघा. हेलिकॉप्टरने गेले ७,००० आणि त्या वसंतात व्हिएतनाममधून बाहेर पडून अमेरिकेपर्यंत पोचलेले साधारण १,३०,०००. मग उरलेले कसे गेले? बरेच जण आधी विमानतळ चालू होता तोवर विमानाने, आणि बाकी सगळे पाण्यातून. मालवाहू जहाजं, बार्जेस, टगबोटी, मासेमारीच्या होड्या, जे तरंगतं त्यावर. सायगॉन नदीतून खाली आले, किनाऱ्यावरच्या व्हुंग ताऊच्या बाहेर अमेरिकन आरमार उभं होतं तिथवर पोचले. हेलिकॉप्टरचा फोटो प्रसिद्ध झाला कारण फोटोग्राफर तिथे होता. बार्जवर चार हजार माणसं दाटीवाटीने उभी आहेत याचा चांगला फोटो येत नाही हो.

जेवणाचं म्हणाल तर भात. युद्धनौकेवर तीनचारशे खलाशांचा स्वयंपाकाचा हिशोब असतो, तिथे भांडं उतरलं की पुन्हा भात चढवायचा असं रात्रंदिवस. डेकवर ताडपत्र्या बांधून सावली केली. संडासचा प्रश्न सगळ्यात मोठा, ते वर्णन करत नाही, कोणी जेवताना वाचत असेल.

धागा_उसवणारा

थोडं अवांतर पण महत्त्वाचं. व्हिएतनामी निर्वासित आणि नेव्ही म्हटलं की सगळे १९७५ वर उडी मारतात, पण आकड्यात त्याच्यापेक्षा मोठी मोहीम वीस वर्षं आधी झालेली आहे आणि ती कोणाला माहीत नसते.

जुलै १९५४, फ्रेंचांशी चाललेलं युद्ध संपवणारा जिनिव्हा करार, १७ व्या अक्षांशावर देशाचे दोन तुकडे. करारात अशी सोय होती की ३०० दिवसांच्या आत ज्याला ज्या बाजूला जायचंय त्याने जावं, कोणी अडवायचं नाही. उत्तरेतून दक्षिणेला आठ लाखांपासून दहा लाखांपर्यंत माणसं गेली, बहुसंख्य कॅथलिक, गावंच्या गावं पाद्र्याच्या मागे निघाली. फ्रेंचांनी विमानं आणि जहाजं लावून निम्म्याहून जास्त नेली आणि अमेरिकन नेव्हीने शंभरावर जहाजं लावून ३ लाख १० हजार. उत्तरेतलं हायफाँग बंदर ते सायगॉन, तीनेक दिवसांचा प्रवास. पहिलं अमेरिकन जहाज यूएसएस मेनार्ड, १७ ऑगस्ट १९५४ ला १,९२४ माणसं घेऊन निघालं.

आता ही जहाजं बघा कसली होती. रणगाडे किनाऱ्यावर उतरवायची जहाजं, पुढचं तोंड दरवाजासारखं उघडतं ती, आणि सैनिक नेणारी. दोन-चार वर्षांपूर्वी कोरियात लढाईला वापरलेली. खाली जिथे रणगाडे उभे करायचे तिथे चटया टाकून म्हाताऱ्याकोताऱ्या बसलेल्या, कावडीला बांधलेल्या गाठोड्यांसकट. चढताना प्रत्येकावर डीडीटीची पावडर मारायचे, कपड्यांच्या आत सुद्धा, कारण रोगराईची भीती. ज्यांनी आयुष्यात मोठं जहाज बघितलं नाही आणि ज्यांना गावात सांगितलंय की अमेरिकन तुम्हाला समुद्रात फेकून देणार आहेत, त्यांच्यावर एक गोरा माणूस पंपाने पांढरी पावडर मारतोय. काय वाटलं असेल.

आणि खडूस आजोबांना आवडेल अशी बाजू पण आहे, हे सगळं निव्वळ पुण्यकर्म नव्हतं. सीआयएचे लोक उत्तरेत पत्रकं वाटत होते, अफवा पेरत होते की माता मेरी दक्षिणेला निघून गेली वगैरे, कारण दक्षिणेचा पंतप्रधान दिएम याला स्वतःची म्हणावी अशी माणसं हवी होती. दुसऱ्या बाजूला लाखाच्या आसपास व्हिएत मिन्ह (फ्रेंचांशी लढलेले कम्युनिस्ट) सैनिक आणि त्यांचे घरचे दक्षिणेतून उत्तरेला गेले, ते पण जहाजांनीच, रशियन आणि पोलिश. एकाच समुद्रात एकाच वेळी दोन्ही दिशांनी भरलेली जहाजं चाललीयेत. हा फोटो पण कधी फिरत नाही.

चौकस_चंदू

बापरे, मी एक फोटो विचारला आणि तुम्ही थीसिस उघडलात 🙏 धन्यवाद सगळ्यांना.

एक राहिलं. ही भरलेली जहाजं १९७५ ला गेली कुठे? कर्कचं पुढे काय झालं?

डेकवरचा_पाहुणा

अरे तीच तर खरी गोष्ट, मी मघाशी टाईप करून डिलीट केली लांब होतेय म्हणून.

३० तारखेच्या रात्री कर्कला वेगळाच हुकूम आला, मागे वळा, व्हिएतनामकडे, कोन सॉन बेटापाशी जा. तिथे दक्षिण व्हिएतनामच्या आरमाराचं जे काही उरलं होतं ते गोळा झालेलं. तीसेक जहाजं आणि त्यावर ३०,००० च्या आसपास माणसं. नौदलाचे लोक, त्यांची कुटुंबं, आणि वाटेत चढलेले कोणीही. काही जहाजांची इंजिनं बंद, काहींत पाणी शिरतंय. कर्कवर रिचर्ड आर्मिटेज होता, पुढे अमेरिकेचा उप-परराष्ट्रमंत्री झाला तो, तेव्हा पेंटागॉनचा माणूस. ठरलं असं की जी बुडणार ती बुडवायची, माणसं दुसऱ्यात घ्यायची, आणि बाकी सगळा काफिला फिलिपिन्सला सबिक बे या अमेरिकन नौदल तळावर न्यायचा. हजार मैल, सगळ्यात सुस्त जहाजाच्या वेगाने, म्हणजे जवळजवळ आठवडा. कर्कचे खलाशी होडीतून एका जहाजावरून दुसऱ्या जहाजावर औषधं, पाणी, तांदूळ पोचवत होते.

आणि दारात पोचल्यावर फिलिपिन्स म्हणतं आत येऊ नका. कारण? मार्कोस सरकारने तोवर हनोईच्या (म्हणजे उत्तर व्हिएतनामच्या) नव्या राजवटीला मान्यता देऊन टाकलेली. दक्षिण व्हिएतनाम नावाचा देशच आता नाही, मग त्याच्या झेंड्याची लढाऊ जहाजं बंदरात घ्यायची कशी, आणि हनोई उद्या म्हणालं ही आमची जहाजं आहेत परत द्या तर?

तोडगा निघाला तो पण झेंड्याचाच. ही बरीचशी जहाजं मुळात अमेरिकेनेच दिलेली, तर कागदावर ती परत घ्यायची, पिवळा झेंडा उतरवायचा आणि अमेरिकन चढवायचा. ७ मे १९७५ ला प्रत्येक जहाजावर एक अमेरिकन अधिकारी गेला आणि रीतसर समारंभ झाला. डेकवर हजारो माणसं उभी, आपलं राष्ट्रगीत शेवटचं म्हटलं, झेंडा खाली आला. अधिकाऱ्यांनी खांद्यावरच्या पट्ट्या, बिल्ले काढून पाण्यात टाकले. तोफांचा दारूगोळा पण टाकून द्यावा लागला. आदल्या आठवड्यापर्यंत जो कमांडर होता तो आता निर्वासित, त्याच जहाजावर, त्याच डेकवर उभा. मला हेलिकॉप्टरपेक्षा हे जास्त लागतं.

सबिकवरून माणसं ग्वाम या अमेरिकन बेटावर, तिथे तंबूंचं गाव वसवलेलं, लाखाच्या वर लोक त्या एवढ्याशा बेटावरून पुढे गेले. जहाजं बरीचशी नंतर फिलिपिन्सच्याच नेव्हीने घेतली. ज्यांना बंदरात येऊ देत नव्हते तीच!

खडूस_आजोबा

बरोबर. आणि ग्वामवरून पंधराशेच्या आसपास लोक म्हणाले आम्हाला परत जायचंय, बायकामुलं मागे राहिलीत. उपोषणं केली, दंगा केला. शेवटी त्यांना थुओंग तिन नावाचं एक व्हिएतनामी जहाज दिलं, ऑक्टोबर १९७५ ला ते स्वतःच चालवत परत गेले. उतरल्या उतरल्या सगळ्यांना छावणीत टाकलं.

डेकवरचा_पाहुणा

हो. ते मी मुद्दाम टाळत होतो.

इंजिनरूम_काका

बरेच दिवसांनी लॉगिन केलं, हा धागा दिसला म्हणून लिहितोय. मी मर्चंट नेव्हीत होतो, आता रिटायर. ८० च्या दशकात साउथ चायना सीमधून जपान सिंगापूर फेऱ्या असायच्या तेव्हा बोट पीपल, म्हणजे व्हिएतनाममधून होड्यांत बसून पळालेले लोक, आम्ही डोळ्यांनी बघितलेत.

डेकवरच्या पाहुण्यांनी झेंड्याचं लिहिलं त्यालाच जोडून सांगतो. माणूस पाण्यातून वर काढणं हे काम अर्ध्या तासाचं. शिडी सोडा, जाळी सोडा, झालं. खरा प्रश्न त्यानंतर सुरू होतो, उतरवायचं कुठे. समुद्री कायदा सांगतो की संकटातल्या माणसाला वाचवलंच पाहिजे, मालवाहू असो की युद्धनौका. पण त्याला कुठल्या बंदराने घेतलंच पाहिजे असं तेव्हा कोणी म्हणत नव्हतं. सिंगापूरचा नियम होता की हे लोक ९० दिवसांत दुसऱ्या देशात जातील अशी आधी हमी द्या, मग उतरवा. हमी देणार कोण, तर जहाजावर ज्या देशाचा झेंडा तो. आता अर्धी जहाजं लायबेरिया नाहीतर पनामाच्या झेंड्याची, ते देश कसली हमी देणार. म्हणून १९७९ नंतर अमेरिका वगैरे काही देशांनी मिळून एक योजना काढली, अशा जहाजांनी उचललेले लोक आम्ही वाटून घेऊ. कागदावर छान. प्रत्यक्षात नांगर टाकून बसा, टेलेक्स पाठवा, उत्तराची वाट बघा, आणि जहाज एक दिवस थांबलं की मालकाचे पैसे किती जातात ते सगळ्यांना ठाऊक.

आम्ही एकदा उचलले. १९८४, तीसेक माणसं होती, लाकडी बोट, आमच्या लाईफबोटीपेक्षा जरा मोठी असेल. मी खाली इंजिनवर होतो, टेलिग्राफवर (ब्रिजवरून इंजिनरूमला हुकूम देणारं यंत्र) एकदम स्टॉपचा ऑर्डर आला, भर समुद्रात, मला वाटलं काहीतरी धडकलं. वर येऊन बघतो तर डेकवर बायका बसलेल्या, कोणी रडत नाही काही नाही, नुसत्या बसलेल्या. पाणी दिलं तर आधी मुलांना. कॅप्टनने कंपनीला कळवल्यावर जे उत्तर आलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. सिंगापूरबाहेर अकरा दिवस नांगर टाकून होतो, मग कुठे ते लोक उतरले. कॅप्टनला पुढच्या वेळी त्या कंपनीने कॉन्ट्रॅक्ट दिलं नाही. कारण अर्थातच वेगळं सांगितलं.

इटलीने एकदा फार सरळ उपाय केला होता. १९७९ ला आपल्या तीन नौदल जहाजांना, व्हित्तोरिओ व्हेनेतो, आंद्रेआ दोरिया आणि स्ट्रॉम्बोली, सरळ इटलीहून इकडे पाठवलं, ९०० च्या आसपास लोक उचलले आणि परत थेट व्हेनिसला नेले. मधल्या कुठल्या बंदराला विचारायची भानगडच नाही. त्याच वर्षी मलेशियाचं नौदल आलेल्या बोटी दोर बांधून परत खोल समुद्रात नेऊन सोडत होतं. ती पण नेव्हीच.

मीनल_वाचतेय

काका 🙏🙏 अजून लिहा ना.

एक विचारू? न थांबता पुढे जाणारी जहाजं पण होती असं वाचलंय. खरंच दिसत नसायच्या का बोटी?

इंजिनरूम_काका

लाकडी बोट रडारवर नीट उमटत नाही, त्यात समुद्र खवळलेला असेल तर लाटांच्या ठिपक्यांत हरवते. त्यामुळे न दिसणं हे काही वेळा खरं असायचं. आणि काही वेळा नसायचं.

युद्धनौकांचं पण तेच. १९८८ ला यूएसएस डुब्यूक म्हणून जहाज पर्शियन गल्फकडे चाललं होतं, वाटेत एक बोट भेटली, इंजिन बंद पडलेली. निघताना ११० माणसं होती, तोवर काही मेलेली. जहाज थांबलं, खाणं दिलं, पाणी दिलं, नकाशा दिला आणि पुढे गेलं, घेतलं नाही कोणाला. ती बोट आणखी अडीच-तीन आठवडे तशीच वाहत राहिली. फिलिपिन्सच्या कोळ्यांनी बोलिनाओजवळ वाचवली तेव्हा ५२ उरले होते आणि मधल्या दिवसांत मेलेल्यांचं मांस खायची वेळ आली होती. कॅप्टनवर सबिकमध्ये कोर्ट मार्शल झालं, दोषी ठरला, शिक्षा काय तर ताशेऱ्याचं पत्र.

आमच्यात रात्री ब्रिजवर वॉचला असणारे सांगायचे की बोटीवरचे लोक कपडे पेटवून हलवतात. मी खालचा माणूस, मी ते बघितलं नाही. पण आमच्या एका थर्ड मेटने (डेकवरचा कनिष्ठ अधिकारी) बघितलं होतं दुसऱ्या एका जहाजावर असताना. त्याने कॅप्टनला उठवलं, कॅप्टन वर आला, दुर्बीण लावली, म्हणाला मासेमारीवाले आहेत. लॉगबुकात तसंच लिहिलं, मासेमारी बोटी, उजव्या बाजूला, वेळ अमुक. सही थर्ड मेटचीच.